पहारा आमचा, पण हिशेब कोणाचा?

लढाई सीमेवर होते. पण गांवाला कुलूप लावून कोणी सीमेवर जात नाहीं. मागें घरें असतात, धान्याचीं कोठारें असतात, धरणें व रेल्वेचे पूल असतात, म्हातारीं माणसें व लेंकरें असतात. त्यांची राखण कोणी तरी करावी लागते. पलटणींतला जवान निर्धास्तपणें पुढें पाऊल टाकतो तो या मागच्या राखणीच्या भरंवशावर. ही राखण कोण करतो, देश त्यास काय म्हणतो व काय देतो, आणि त्याच्या घरचीं माणसें या नात्यानें आपण काय मागावें, एवढाच विचार आज आम्ही आमच्या शेतकरी व कारागीर वाचकांपुढें मांडणार आहों.

मे २०२५ मध्यें पाकिस्तानाशीं चकमक झडली तेव्हां हा प्रश्न चार दिवस सर्वांच्या तोंडीं होता. ता. ७ मे रोजीं देशांत ठिकठिकाणीं भोंगे वाजवून नागरी संरक्षणाची तालीम झाली व तींत होमगार्ड उभे राहिले. त्याच आठवड्यांत प्रादेशिक सेनेस कामावर बोलावण्याचा अधिकार केंद्र सरकारनें सेनाप्रमुखांस दिला. पुढें तोफा थांबल्या आणि त्यांबरोबर चर्चाही थांबली. जगाची रीतच अशी आहे कीं, राखणदाराची आठवण चोर आल्यावर होते. आणि चोर गेला म्हणजे राखणदार जेवला कीं उपाशी आहे याची चौकशी करण्यास कोणी येत नाहीं.

अशा राखणदारांचीं दोन दलें आपल्या माहितीचीं आहेत. पहिलें प्रादेशिक सेनेचें. लोक तिला टेरिटोरियल आर्मी म्हणतात. तिचा कायदा १९४८ सालीं झाला, आणि ता. ९ आक्टोबर १९४९ रोजीं त्या वेळचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. तिचें तत्त्व सोपें आहे. माणसानें आपला धंदा, नोकरी, शेती सोडूं नये. वर्षांतून ठरलेले दिवस कवायत व हत्यार शिकावें. आणि देशावर वेळ आली म्हणजे कायम फौजेच्या मदतीस उभें राहावें, म्हणजे ती फौज आघाडीवर जाण्यास मोकळी होते. १९६२, १९६५ व १९७१ या तिन्ही लढायांत ही सेना कामास आली. मराठा लाइट इन्फन्ट्रीची १०९ क्रमांकाची प्रादेशिक पलटण कोल्हापुरास आहे. तिची भरती निघाली म्हणजे सातारा-सांगलीकडचीं पोरें रातोरात गाडी धरून तेथें जाऊन बसतात, हें वाचकांस सांगावयास नको.

दुसरें दल होमगार्डांचें. सरकारी कागदांत त्यास गृहरक्षक दल म्हणतात. हें दल तर आपल्याच प्रांतांत जन्मास आलें. ता. ६ डिसेंबर १९४६ रोजीं, मुंबई शहरांत जातीय दंगे चालू असतां, पोलिसांस मदत म्हणून मुंबई सरकारनें तें उभारलें. त्या वेळीं मोरारजी देसाई प्रांताचे गृहमंत्री होते. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९४७ सालीं, त्याचा कायदा झाला. १९६२ सालीं चीनशीं युद्ध झाल्यावर केंद्र सरकारनें इतर राज्यांसही सांगितलें कीं, तुमच्याकडचीं निरनिराळीं स्वयंसेवक दलें एक करून सर्वत्र होमगार्ड उभे करा. अशा रीतीनें मुंबईचें रोप देशभर लागलें. युद्धाच्या दिवसांत महत्त्वाच्या जागांवर पहारा देणें, शांततेच्या दिवसांत पोलिसांच्या बरोबरीनें बंदोबस्तास उभें राहणें, आग, पूर, भूकंप झाला तर धांवून जाणें, हें या दलाचें काम. आणि त्याचें ब्रीद आहे ‘निष्काम सेवा’.

ब्रीद थोर आहे. पण हें ब्रीद ज्याच्या छातीवर लाविलें आहे तो माणूस कोण, हें पाहूं. ज्याच्या घरीं कारखान्याचा पगार आहे किंवा पेढीवर गल्ला आहे, तो सहसा होमगार्डांत येत नाहीं. येतो तो दीड एकर कोरडवाहूचा धनी, सुताराचा, लोहाराचा, न्हाव्याचा मुलगा. येते ती शिवणकाम करून भावंडांस शिकविणारी मुलगी. ज्ञानोबांची पालखी नीरा ओलांडून लोणंदास आली म्हणजे तेथून तरडगांव, फलटण, बरडपर्यंत दोरी धरून उभा राहणारा हाच. गणपतीच्या मिरवणुकींत रात्रभर जागणारा हाच. मतदानाच्या दिवशीं शाळेच्या दारांत आणि परीक्षेच्या दिवशीं केंद्राच्या फाटकांत उभा असणारा हाच. आपण त्याच्या जवळून जातों, आणि खाकी कपडा पाहून त्यास पोलीस समजतों. तो पोलीस नाहीं. कामावर असतां त्यास पोलिसासारखा अधिकार व संरक्षण कायद्यानें मिळतें. पण काम संपलें कीं तो पुन्हां मजूर होतो. त्यास महिन्याचा पगार नाहीं. जेवढे दिवस बोलावणें येईल तेवढ्या दिवसांचा भत्ता.

पुष्कळदां आम्हांस असें सांगण्यांत येतें कीं, “अहो, तें स्वयंसेवकाचें काम आहे, त्यांत पैशांची गोष्ट कशाला?” हा प्रश्न विचारणाऱ्यास आम्ही प्रथम इतिहास सांगूं इच्छितों, कारण पहारा करणें ही गोष्ट आमच्या लोकांस नवी नाहीं. पिढ्यान् पिढ्या आम्हीं तेंच केलें आहे, आणि त्याचा मोबदला कसा मिळाला तेंही आम्हीं पाहिलें आहे.

सातारा जिल्ह्यांत ज्या डोंगराकडे पाहावें तेथें किल्ला दिसतो. अजिंक्यतारा, सज्जनगड, वसंतगड, चंदन-वंदन. हे किल्ले राखले कोणीं? वर हवालदार-सबनीस असत. पण खालीं घेऱ्यांत, मेटांवर, रानांत, थंडी-पावसांत जागत असत ते रामोशी, महार, कोळी आणि कुणबी. शिवाजी महाराजांच्या फौजेंतला पुष्कळसा शिपाई पावसाळ्यांत नांगर धरणारा होता, आणि दसऱ्यास सीमोल्लंघन करून तोच मोहिमेस निघत असे. पण महाराजांची एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. शिपायास जमीन-जहागीर तोडून न देतां रोख वेतन द्यावें, आणि त्याचा जमाखर्च चोख ठेवावा, ही त्यांची शिस्त होती. स्वराज्याची सेवा ही पुण्याची गोष्ट खरी. तरी तिच्या नांवावर शिपायास उपाशी ठेवावें असें त्यांस वाटलें नाहीं.

पुढें काय झालें? इंग्रजी अंमल आला आणि पुरंदरच्या राखणीवर जगणाऱ्या रामोशांचा पहारा गेला, आणि पहाऱ्याबरोबर जमिनी व हक्कही गेले. उमाजी नाईक बंडास उभा राहिला तो या आगींतून. ता. ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं त्यास पुण्यांत फांशी दिलें. ज्यांच्या भरंवशावर किल्ला झोंपत होता त्यांस एका कलमाच्या फटकाऱ्यानें भुकेस लाविलें, आणि भूक उठली तेव्हां तिला दरोडा हें नांव दिलें.

गांवच्या पहाऱ्याची गोष्टही तशीच. रात्रीं गस्त रामोशानें घालावी. चोरी झाली तर माग त्यानेंच काढावा. माग शेजारच्या गांवच्या शिवेपर्यंत नेऊन पोंचविला नाहीं तर जाब त्यानेंच द्यावा. महारानें सरकारी टपाल न्यावें, खजिन्याबरोबर चालावें, अंमलदार आला कीं पुढें धांवावें. दिवस नाहीं, रात्र नाहीं. मोबदला काय, तर तुटपुंजें वतन आणि दारोदार मागितलेलें बलुतें. १९२८ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत या वतनाच्या कायद्यांत दुरुस्ती करण्याचें बिल आणलें तें याच कारणास्तव. काम सरकारचें, हुकूम सरकारचा, आणि पोट मात्र गांवाच्या मर्जीवर, हा कुठला न्याय, असा त्यांचा रोख होता. हीं कनिष्ठ वतनें कायद्यानें नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावें लागलें.

फौजेच्या बाबतींतही ‘गरज सरो, वैद्य मरो’ हा अनुभव आला. पहिल्या महायुद्धांत माणसें कमी पडूं लागलीं तेव्हां १९१७ सालीं महारांची पलटण उभी केली. लढाई सरतांच १९२१ सालीं ती मोडून टाकिली. आणि दुसरी लढाई पेटल्यावर १९४१ सालीं महार रेजिमेंट पुन्हां उभी केली. माणूस तोच, त्याचें शौर्य तेंच. गरज असली कीं तो शूर, गरज सरली कीं तो नकोसा. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे गांवचे ४६ वीर पहिल्या महायुद्धांत कामास आले. तेथें त्यांचा स्मृतिस्तंभ उभा आहे, आणि आजही त्या गांवच्या घराघरांतून फौजेस माणूस जातो. दगडावर आंकडा कोरला ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या ४६ घरांतील चुली पुढें कशा पेटल्या, तें कोणत्या दगडावर लिहिलें आहे?

आतां कोणी म्हणेल, “तर मग तुमचे लोक पैशावांचून देशासाठीं कांहीं करीतच नाहींत कीं काय?” त्यास उत्तर देण्यास लांब जावयास नको. कुंडल येथें जावें. १९४२ ची चळवळ दडपली गेल्यावर याच मुलखांत, म्हणजे त्या वेळच्या सातारा जिल्ह्यांत, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखालीं प्रतिसरकार उभें राहिलें. वाळवें, तासगांव, खानापूर हा भाग तेव्हां साताऱ्यांतच होता. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ सालीं वेगळा निघाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. नाना पाटील हे येडेमच्छिंद्रचे, शेतकऱ्याच्या घरचे. तलाठ्याची नोकरी त्यांनीं सोडली होती, आणि सत्यशोधकांच्या शिकवणीचा संस्कार त्यांजवर झालेला होता. या प्रतिसरकारची तुफान सेना होती. जी. डी. बापू लाड व कॅप्टन रामभाऊ लाड तिचे पुढारी. ता. ७ जून १९४३ रोजीं शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी खजिना काढून घेतला तो याच लोकांनीं. सुमारें दीडशें गांवांत लोकांचीं न्यायासनें चाललीं, दरोडेखोरांस जरब बसली, कमी खर्चाचीं लग्नें लागलीं. नानांची कन्या हौसाताई हिच्यासारख्या बायाही जिवावर उदार होऊन त्यांत उतरल्या.

या तुफान सेनेस कोणता पगार होता? कांहीं नाहीं. मग ती १९४६ पर्यंत टिकली कशी? टिकली याचें कारण, गांवच तिच्या पाठीशीं उभें होतें. ज्याचा मुलगा रानांत गेला त्याच्या घरीं भाकरी पोंचत होती, त्याची पेरणी होत होती, आणि त्याचें नांव चावडीवर मानानें घेतलें जात होतें. काम आपलें आहे, ठरविणारे आपण आहों, आणि आपल्या मागें आपल्या घरास कोणी उघडें टाकणार नाहीं, या तीन गोष्टींची खात्री असली म्हणजे आमचा माणूस पैसा मागत नाहीं. तो जीव देतो. या तीन गोष्टी नसल्या म्हणजे मात्र निष्काम सेवा ही निष्काम राहत नाहीं. ती वेठ होते. स्वयंसेवा आणि वेठ यांतला फरक एवढाच आहे, आणि तो आमच्या लोकांस पाठ्यपुस्तकांतून शिकावा लागत नाहीं. तो त्यांच्या आजोबांनीं खांद्यावर वाहिला आहे.

त्याच प्रकरणांतला दुसरा धडाही प्रामाणिकपणें सांगितला पाहिजे. गांवच्या हातीं शिक्षा आली म्हणजे ती सदा न्यायानेंच वापरली जाते असें नाहीं. लोक त्या सरकारला पत्री सरकार म्हणूं लागले तें शिक्षेच्या धाकावरूनच. परक्या राज्यांत जें क्षम्य होतें तें आपल्या राज्यांत नाहीं. म्हणून राखणदाराचें दल एका पक्षाचें, एका जातीचें किंवा एका पंथाचें असतां कामा नये. तें कायद्याखालीं, सर्वांस खुलें व सर्वांस जबाबदार असलें पाहिजे. होमगार्डांचा जन्मच मुळीं दंग्यांत झाला. दंग्यांत ज्याच्याकडे दोन्ही बाजूंनीं विश्वासानें पाहतां येईल तोच खरा होमगार्ड.

असो. आतां आजच्या व्यवहाराकडे वळूं. होमगार्ड हा निव्वळ स्वयंसेवक आहे असें म्हणणाऱ्यांनीं कायदाही पाहावा. बोलावणें आल्यावर योग्य कारणावांचून जो जाणार नाहीं त्यास शिक्षा सांगितली आहे. म्हणजे नाहीं म्हणण्याची मोकळीक नाहीं. जेथें नकार देतां येत नाहीं तेथें दाम देण्याचें कर्तव्य येतेंच. सर्वोच्च न्यायालयानेंही ता. ११ मार्च २०१५ रोजीं हिमाचल प्रदेशांतील होमगार्डांच्या दाव्यांत हेंच तत्त्व मान्य केलें. कायम नोकरीची त्यांची मागणी न्यायालयानें मानली नाहीं. पण रोजचा भत्ता असा असावा कीं, तीस दिवसांची बेरीज पोलिसाच्या किमान पगाराइतकी व्हावी, असें ठरविलें. महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं दिवसाचा भत्ता ५७० रुपयांवरून १०८३ रुपये केला. निकाल आणि ही वाढ यांमध्यें नऊ वर्षें गेलीं. तरी जें झालें तें चांगलें झालें, आणि चांगल्यास चांगलें म्हणण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं. तीन वर्षें सेवा केलेल्या होमगार्डास पोलीस, वन व अग्निशमन दलाच्या भरतींत शेंकडा ५ जागा राखीव आहेत, हीही सोय योग्यच आहे.

पण दर वाढला म्हणून घर चाललें असें होत नाहीं. दर आणि दिवस यांचा गुणाकार करून जें येतें त्यावर चूल पेटते. मागें कोरेगांवच्या बाजूचा एक तरुण आमच्याकडे आला होता. जातीनें व धंद्यानें सुतार, दलांत सहा वर्षें. त्याचें म्हणणें असें : “सणाच्या दिवसांत अकरा दिवस बंदोबस्त केला. त्याच दिवसांत माझ्या गिऱ्हाइकाचें दार-चौकटीचें काम होतें. तें दुसऱ्यानें नेलें. भत्ता हातीं पडेपर्यंत तीन महिने गेले; तोंवर किराणावाला दोनदां दारांत येऊन गेला. चौकशीस गेलों तर एक म्हणतो हजेरीपट वर गेला, दुसरा म्हणतो आलाच नाहीं. त्या हेलपाट्यांचे दिवस कोणीं मोजावे?” आणि मग तो जें बोलला तें आम्हीं विसरूं शकत नाहीं. “मला दल सोडावयाचें नाहीं. कपडे घातले कीं गांवांत माझ्या बापासही मान मिळतो. पण मान घेऊन दुकानांत गेलों तर दुकानदार पीठ देत नाहीं.” घोडें मेलें ओझ्यानें आणि शिंगरूं मेलें हेलपाट्यानें, ही म्हण ज्यानें केली तो असाच कोणी तरी असला पाहिजे.

येथें प्रादेशिक सेनेचा दाखला उपयोगी पडतो. तिचा जवान सेवेवर बोलाविला गेला कीं त्यास कायम फौजेप्रमाणें पगार व सवलती मिळतात. आणि तो ज्या मालकाकडे कामास होता त्यानें सेवा संपल्यावर त्यास पुन्हां कामावर घेतलें पाहिजे असें कायदाच सांगतो. म्हणजे मागच्या फळीच्या माणसास मानानें वागवितां येतें, त्याची रीत देशास ठाऊक आहे, आणि ती चालूही आहे. एका राखणदारास जी रीत लागू पडते ती दुसऱ्यास लावण्यास अडचण कोणती? एक बंदूक घेऊन उभा राहतो आणि दुसरा काठी घेऊन, एवढाच ना भेद?

आणखी एक गोष्ट. राखण कशाची करावयाची, हेंही आमच्या मुलखाच्या गरजेवरून ठरलें पाहिजे. सातारा-सांगलीवर शत्रूचें विमान आलेलें आम्हीं पाहिलें नाहीं, पण ता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरची जमीन हाललेली पाहिली, आणि दीडशेंहून अधिक माणसें ढिगाऱ्याखालीं गेलेलीं पाहिलीं. ता. २५ जानेवारी २००५ रोजीं वाईजवळ मांढरदेवीच्या डोंगरावर काळूबाईच्या यात्रेंत चेंगराचेंगरी व आग होऊन जवळजवळ तीनशें भाविक प्राणांस मुकले. शत्रूशीं लढतांनाही एका दिवसांत एवढीं माणसें क्वचित् जातात. २००५, २०१९ व २०२१ या तीन सालीं कृष्णा-वारणेनें घरेंदारें धुवून नेलीं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे. २०१९ सालीं पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. ता. ८ आगस्ट २०१९ रोजीं पलूस तालुक्यांत ब्रह्मनाळ येथें पुरांतून माणसें बाहेर काढणारी नाव उलटली आणि कितीतरी बायका-मुलें बुडालीं. जुलै २०२१ मध्यें पाटण तालुक्यांत आंबेघर, मिरगांव, ढोकावळें येथें डोंगर घरांवर आला.

या प्रत्येक वेळीं बाहेरून मोठीं दलें आलीं, त्यांनीं शर्थ केली, त्यांचे उपकार आहेत. पण बाहेरचें दल पोंचेपर्यंत जे पहिले कांहीं तास जातात, त्या तासांत जीव वांचतो किंवा जातो. त्या तासांत जवळ असतो तो गांवचा माणूस. त्यास नाव चालवितां येत असेल, नावेंत किती माणसें घ्यावीं हें सांगण्याचा अधिकार असेल, दोर कसा टाकावा, ढिगारा कोणत्या बाजूनें उपसावा, चेंगरलेल्यास श्वास कसा द्यावा हें शिकविलेलें असेल, तर ब्रह्मनाळसारखी गोष्ट टळते. कोयनेच्या धरणापासून सांगलीच्या घाटापर्यंत नदीकांठच्या प्रत्येक मोठ्या गांवांत दहा तरी गृहरक्षक नाव चालविणारे असावेत, आणि यांत कोळी व भोई बांधवांस पहिला मान असावा; कारण पाण्याची विद्या त्यांच्या घरांत आधींच आहे. सरकारनें ती विद्या विकत आणण्याऐवजीं कामास लावावी.

तेव्हां आमचें मागणें थोडक्यांत असें आहे. पहिलें, कामाच्या दिवसाचा भत्ता ठरल्या तारखेस थेट होमगार्डाच्या खात्यांत जमा व्हावा. हजेरीपट तालुक्याच्या ठिकाणीं फळ्यावर लावावा, म्हणजे कोणाची पाळी लागली व कोणाची वगळली हें चारचौघांस दिसेल. दुसरें, वर्षांत निदान किती दिवस काम मिळेल तें आधीं सांगावें, म्हणजे माणूस त्या बेतानें आपला धंदा लावील. तिसरें, कामावर असतां जखमी झाला किंवा मेला तर त्याच्या घरास पोलिसाच्या घराप्रमाणें आधार मिळावा, आणि त्यासाठीं विधवेस कचेऱ्या झिजवाव्या लागूं नयेत. चौथें, ज्या मालकाकडे तो रोजानें किंवा पगारानें कामास आहे त्यानें बोलावण्याच्या दिवसांबद्दल त्याचें काम तोडूं नये. पांचवें, पूर, भूकंप व गर्दी यांचें शिक्षण आमच्या मुलखांत काठी-कवायतीच्या आधीं यावें. यांतली एकही मागणी दयेची नाहीं. ही केलेल्या कामाची मागणी आहे.

पण सरकारकडे बोट दाखवून आमचें काम संपत नाहीं. वाचकहो, आपल्याकडेही कांहीं देणें लागतें. आपल्या मुलास, आणि तितक्याच आनंदानें आपल्या मुलीस, या दलांत पाठवा. पण पाठवितांना त्यांच्या हातीं एक वही द्या. कोणत्या दिवशीं, कोठें, किती तास उभे राहिलों हें त्यांनीं त्याच रात्रीं लिहावें. ज्यांच्या आजोबांस अंगठा उठवून फसविलें त्यांच्या नातवंडांनीं हिशेब तोंडीं ठेवूं नये. जोतीराव फुल्यांनीं आपल्यास अक्षर शिका म्हणून सांगितलें तें केवळ पोथी वाचण्यासाठीं नव्हे. पुढाऱ्याच्या मागें दंड फुगवून हिंडण्यासाठीं कोणी हा कपडा घालूं नये, आणि घातल्यावर आपल्याहून गरिबावर त्याचा तोरा मिरवूं नये. भाजी विकणाऱ्या म्हातारीची पाटी लाथेनें उडविणारा गृहरक्षक हा कोणत्या गृहाचा रक्षक?

आणि गांवास आमची एक विनंती आहे. आपल्यांत इर्जिकीची चाल आहे, सावडीची चाल आहे. एकाच्या शेतावर दहा नांगर जमतात आणि संध्याकाळीं गोडाचें जेवण होतें. जो होमगार्ड किंवा प्रादेशिक सेनेचा जवान ऐन पेरणींत वा सुगींत बोलावला गेला, त्याच्या शेताची इर्जिक गांवानें करावी. लोहाराचा, सुताराचा मुलगा गेला असेल तर त्याचें गिऱ्हाईक आठ दिवस थांबावें. तुफान सेनेच्या वेळीं हेंच झालें, आणि तेव्हां तर पाठीमागें इंग्रजाची बंदूक होती. आज एवढी भीति नाहीं. त्यास कायदा लागत नाहीं, सरकारी ठराव लागत नाहीं. चावडीवर बसून चार माणसांनीं ठरविलें कीं झालें.

देशाची मागची फळी ही आमच्या पोरांची फळी आहे, आणि ती मागें हटणार नाहीं. पहारा करण्यास आम्ही कधीं नाहीं म्हटलें नाहीं, आणि आजही म्हणत नाहीं. परंतु ज्याच्या जागण्यावर गांव झोंपतें, त्याचें घर त्या रात्रीं उपाशी झोंपूं नये, एवढें पाहणें हें झोंपणाऱ्यांचें कर्तव्य आहे. तें कर्तव्य सरकार करीत नसेल तर त्यास आठवण करून देणें आमचें काम. आणि आपण करीत नसूं तर ती आठवण आम्हीं आपल्यासच द्यावयाची. दर वर्षीं ६ डिसेंबरला गृहरक्षकांचा दिवस येतो, कवायत होते, भाषणें होतात. त्या दिवशीं गांवोगांव एवढाच एक प्रश्न विचारावा : आपल्या राखणदाराचें देणें फिटलें काय? आणि ज्या गांवांत ‘होय’ असें उत्तर येईल, त्या गांवचा पहारा कोणी मोडूं शकणार नाहीं.